खाकरण्याची सवय

लग्नानंतरची पहिली सहा वर्षे मी घरातल्या कोणत्याही खोलीत शिरण्याआधी खाकरत असे. घशाला काहीही झालेले नव्हते. पत्नी पाठमोरी असली आणि माझी चाहूल तिला लागली नाही, तर ती अशी दचकत असे की हातातली वस्तू खाली पडे, श्वास वरच्या वर अडकून राही आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे तिच्याशी काही बोलण्यात अर्थ नसे. म्हणून मी आधी खाकरू लागलो, मग दरवाजे अलगद लावू लागलो, आणि पुढे पुढे वादाचा सूर लागतो आहे असे वाटले की विषयच बदलू लागलो. यातले काहीही आम्ही बसून ठरवले नव्हते. ते अंगवळणी पडत गेले आणि मी त्याला समजूतदारपणा म्हणत राहिलो.

तिच्यावर काय गुदरले ते मी इथे लिहिणार नाही. आमची ओळख होण्याच्या बऱ्याच आधी, दुसऱ्या एका नात्यात ते घडले होते, एवढे पुरे आहे. बाकीचे सांगण्याचा अधिकार तिचा. हा मजकूर तिने वाचला आहे, दोन वाक्ये काढायला लावली आहेत आणि एक स्वतः दुरुस्त करून दिले आहे. मला लिहायचे आहे ते वैयक्तिक समुपदेशन आणि जोडप्याचे समुपदेशन या दोन गोष्टी एकाच काळात, एकमेकींच्या आधाराने कशा चालतात आणि कुठे अडखळतात याबद्दल, कारण आम्ही सुरुवात केली तेव्हा या दोहोंपैकी एकच निवडायचे असते अशी माझी पक्की समजूत होती.

ही समजूत माझ्या एकट्याची नसावी. मानसिक आघात हा एका माणसाच्या डोक्यात घडलेला बिघाड आहे, तो तिथेच दुरुस्त व्हायला हवा, असे आपण सहज धरून चालतो. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-नियमावलीच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, पहिल्यांदा या नावाने नोंदवला, तेव्हा त्यामागे व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. युद्धात घाव घालणारा शत्रू अनोळखी असतो आणि घर ही परत येण्याची जागा असते. पण ज्यांच्यावर घाव घरातच, विश्वासातल्या माणसाकडून आणि वर्षानुवर्षे झाला, त्यांचे काय, हा प्रश्न अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ठामपणे पुढे आणला. सावरण्याचे त्यांनी सांगितलेले तीन टप्पे आजही अनेक समुपदेशक या ना त्या रूपात वापरतात: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरे जाणे आणि जे गमावले त्याचा शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ‘गुंतागुंतीचा पीटीएसडी’ हे स्वतंत्र निदान आहे, आणि जवळची नाती टिकवताना येणारी अडचण हे त्याचे एक लक्षण म्हणूनच दिलेले आहे. लक्षणच जर दोन माणसांच्या मध्ये राहत असेल, तर उपचार एकाच माणसावर करून भागेल कसे?

असे म्हणून आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली, आणि तीही चुकली. थेट दोघे मिळून एका समुपदेशकांकडे गेलो. दुसऱ्या सेशनमध्ये त्यांनी शेवटचे भांडण कशावरून झाले ते दोघांनी आपापल्या बाजूने सांगावे असे सुचवले. मी सांगू लागलो. मला वाटते मी मुद्देसूद आणि शांतपणे बोलत होतो. ती मात्र खुर्चीच्या हातावरच्या शिवणीतला एक सुटलेला धागा बोटाने ओढत होती, आणि साधारण चौथ्या-पाचव्या वाक्यानंतर तो धागा ओढणेही थांबले. डोळे उघडे होते, चेहरा माझ्याकडे होता, पण ती तिथे नव्हती. समुपदेशकांनी प्रश्न विचारला तेव्हा तिने अगदी सभ्यपणे ‘हो, बरोबर आहे’ असे उत्तर दिले. काय बरोबर आहे, ते तिला घरी आल्यावर आठवत नव्हते.

या अवस्थेचे वर्णन मला नंतर समजले. प्रत्येकाला भावनेचा काही एक पट्टा झेपतो. त्या पट्ट्यात असेपर्यंत माणूस रागावला किंवा रडला तरी विचार करू शकतो, ऐकू शकतो, शिकू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी १९९९ मध्ये याला सहनक्षमतेची खिडकी असे नाव दिले. पट्ट्याच्या वर गेले की जीव घाबराघुबरा होतो, खाली गेले की सुन्न होतो, आणि दोन्हीकडे बोलणे नुसते कानावरून जाते. आघात सोसलेल्या माणसाचा हा पट्टा अरुंद झालेला असतो. माझा ‘मुद्देसूद’ आवाज तिला त्या पट्ट्याबाहेर ढकलायला पुरेसा होता, कारण पूर्वी तिला जे ऐकून घ्यावे लागले तेही आरडाओरडा करून सांगितलेले नसे. तेही असेच शांत, मुद्देसूद आणि न संपणारे असे. (हे मला कळायला आठ महिने लागले. कळल्यावर पुढचे दोन दिवस मी जवळजवळ बोललोच नाही, आणि त्याचाही परिणाम व्हायचा तोच झाला.)

त्या समुपदेशकांनी तिथेच थांबून तिला आधी स्वतंत्र समुपदेशन घ्यायला सांगितले. त्या वेळी मला ते हात झटकल्यासारखे वाटले होते. आता वाटते की त्यांनी सगळ्यात योग्य काम केले ते हेच.

पुढचे आठ महिने ती दर आठवड्याला एकटी जात होती. आघातावर थेट काम करणाऱ्या पद्धतींपैकी ईएमडीआर ही पद्धत तिच्यासाठी निवडली गेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सीन शापिरो यांनी १९८९ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. तीत आठवण मनासमोर धरून समुपदेशकांच्या बोटांच्या डावी-उजवीकडच्या हालचालीबरोबर नजर फिरवायची असते. ऐकायला हे मला मांत्रिकाच्या प्रकारासारखे वाटले होते, हे मान्य करतो; पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या पीटीएसडीसाठी आघातकेंद्रित वर्तन-विचार उपचारांबरोबर हिची शिफारस केलेली आहे. डोळे हलवल्याने नेमके काय होते यावर तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. तिला फरक पडत होता, एवढे मी पाहत होतो. रात्री दोनदा उठून कडी तपासणे थांबले. दचकणे राहिले, पण दचकल्यानंतर परत येण्याचा वेळ कमी झाला.

आणि याच आठ महिन्यांत आमचे नाते, बाहेरून कोणी पाहिले असते तर म्हणाले असते की, बिघडले. ज्या दिवशी सेशन असे त्या संध्याकाळी ती दमलेली आणि मिटलेली असे. तिला नवे शब्द मिळाले होते आणि ते मला माहीत नव्हते. ‘माझ्या मॅडम म्हणतात’ या तीन शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक वाक्य मला आरोपपत्रासारखे ऐकू येई. त्या खोलीत माझ्याविषयी बोलणे होत होते, मी तिथे नव्हतो, आणि त्या मॅडमना मी ठाऊक होतो तो फक्त तिच्या वाक्यांतून. वैयक्तिक समुपदेशनाची ही मर्यादा कोणी आधी सांगत नाही. समुपदेशक कितीही निःपक्षपाती असल्या तरी त्यांच्यासमोर एकच माणूस बसलेला असतो, त्या माणसाच्या वेदनेशी त्या बांधील असतात, आणि तसे असायलाच हवे. पण घरी दुसरा माणूस बसलेला असतो आणि त्याला कोणीही काही शिकवलेले नसते. ती बदलत होती, घर मात्र जुन्याच नियमांवर चालले होते. ती एकदा रागाने म्हणाली, “मी तिकडे बोलायला शिकते आणि इकडे तू विषय बदलतोस.” त्याच आठवड्यात आम्ही जोडप्याच्या समुपदेशनाला पुन्हा गेलो, या वेळी तिचे वैयक्तिक काम चालू ठेवून.

या दुसऱ्या सुरुवातीत बऱ्याच गोष्टी आधी ठरवल्या गेल्या. दोन्ही समुपदेशक वेगवेगळ्या होत्या. एकाच व्यक्तीने दोन्ही कामे करावीत का, यावर या क्षेत्रात मतभेद आहेत. माझे स्वतःचे मत असे झाले आहे की शक्य असेल तर वेगळे असावे, कारण जिच्याजवळ एकीने मन मोकळे केले आहे तिच्यासमोर दुसऱ्याला कायम पाहुण्यासारखे वाटत राहते. दोघींनी एकमेकींशी बोलावे यासाठी तिने लेखी संमती दिली, आणि त्या संमतीत काय बोलायचे याची हद्दही लिहून घेतली. आठवणींचा तपशील सांगायचा नाही. ती सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, या आठवड्यात जड काम झाले आहे का, एवढेच कळवायचे. याचा उपयोग असा झाला की वैयक्तिक कामात एखादी कठीण आठवण उघडलेली असेल त्या आठवड्यात जोडप्याच्या सेशनमध्ये नवे काही उकरले जात नसे. दोन्हीकडे एकाच वेळी खणले तर घर राहायला शिल्लक राहत नाही, असे जोडप्याच्या समुपदेशनातल्या आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या.

दुसरा विषय गुपितांचा. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले की त्या दोघांना एकेकदा स्वतंत्रपणे भेटतील, पण त्या भेटीत नात्यावर परिणाम करणारी एखादी गोष्ट कळली तर ती दुसऱ्यापासून लपवून ठेवणार नाहीत. ती सांगायला मदत करतील. काही समुपदेशकांचा नियम वेगळा असतो. नियम कोणताही असो, तो सुरुवातीलाच विचारून घ्यावा.

ही स्वतंत्र भेट आणखी एका कारणासाठी असते, आणि ते कारण मला इथे ठळकपणे लिहायचे आहे. घरात मारहाण चालू आहे का, एकाला दुसऱ्याची भीती वाटते का, पैसा, फोन, येणे-जाणे यावर एकाचाच ताबा आहे का, हे दोघांसमोर विचारून खरे उत्तर मिळत नाही. उत्तर ‘हो’ असेल, तर एकत्र समुपदेशन हा मार्गच नव्हे. तिथे खरे बोललेल्या वाक्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागू शकते, आणि ‘दोघांचेही थोडे चुकते’ ही समुपदेशनाच्या खोलीतली नेहमीची भाषा अन्याय करणाऱ्याच्या सोयीची ठरते. अशा वेळी आधी सुरक्षितता आणि सोसणाऱ्या व्यक्तीसाठी स्वतंत्र आधार. मी पुढे जे लिहितो आहे ते सगळे आघात मागे पडला आहे आणि आजचे घर सुरक्षित आहे, हे धरून.

चौथ्या सेशनला मी मॅडमच्या खोलीच्या दारात, सवयीने, खाकरलो.

“सर्दी झाली आहे का?” त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. पत्नी हसली आणि म्हणाली, “तो नेहमीच खाकरतो.” मॅडमनी विचारले, “का?” आणि मी उत्तर द्यायला लागलो की तिला धक्का बसू नये म्हणून, तर ती मध्येच बोलली. तिचे हसू तोवर गेले होते. “मला कळतं ते कशासाठी आहे. पण तू खाकरलास की मला दर वेळी आठवतं, मी घाबरणारी बाई आहे. दिवसातून वीस वेळा.”

त्या दिवशी पुढचा पाऊण तास आम्ही दुसऱ्या कशावरही बोललो नाही. मॅडमनी समजावले की आघात सोसलेल्या माणसाच्या जोडीदाराचे हे जवळजवळ ठरलेले वागणे असते: तो भीतीच्या भोवतीने घर रचत जातो, टोचेल असे सगळे वाटेतून उचलून ठेवतो. हेतू चांगला असतो. पण टाळणे हाच या विकाराचा कणा आहे. जे टाळले त्याची भीती कमी होत नाही, आणि टाळायला मदत करणारा माणूस नकळत त्या भीतीच्या बाजूने कामाला लागतो. कँडिस मॉन्सन आणि स्टेफनी फ्रेडमन या मानसशास्त्रज्ञांनी पीटीएसडीसाठी जोडप्यांची जी उपचारपद्धती तयार केली, तिच्यात हा धागा मध्यवर्ती आहे. पंधरा सेशन, तीन टप्पे: आधी विकार समजून घेणे आणि घरात सुरक्षितता आणणे, मग संवाद सुधारत दोघांनी मिळून टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू जाणे, आणि शेवटी आघाताने मनात रुजवलेल्या समजुती तपासणे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ४० जोडपी होती. काहींना उपचार लगेच मिळाले, काहींना थांबावे लागले, आणि लगेच उपचार मिळालेल्यांमध्ये पीटीएसडीची लक्षणे कमी झाली, शिवाय पीटीएसडी असलेल्या जोडीदाराचे नात्यातले समाधान वाढले. चाळीस जोडपी म्हणजे फार मोठी संख्या नाही. तरीही जोडप्याचे समुपदेशन म्हणजे मूळ उपचारांना लावलेली ठिगळपट्टी, हा माझा समज त्यामुळे गेला.

मला स्वतःला वेगळे समुपदेशन घ्यावे लागेल, हे मात्र माझ्या मनातही नव्हते. त्रास तिला होता, मी मदतनीस होतो. खाकरण्याच्या त्या सेशननंतर मॅडमनी अगदी साधेपणाने विचारले, “त्यांना भीती वाटेनाशी झाली, तर तुम्ही घरात काय कराल?” मला उत्तर सुचले नाही. तिसऱ्या एका समुपदेशकांकडे जाऊन, बऱ्याच फेऱ्यांनंतर, ते सापडले, आणि ते फारसे शोभादायक नव्हते. मला रखवालदार होणे आवडत होते. तिला माझी गरज आहे यावर माझे त्या घरातले स्थान उभे होते, आणि ती एकटीने उशिरा घरी येऊ लागली तेव्हा मला जो आनंद व्हायला हवा होता त्यात एक बारीकशी नाराजी मिसळलेली होती. शिवाय वाद टाळणे मी तिच्यासाठी शिकलो नव्हतो. ते मी लहानपणापासून करत आलो होतो. तिच्या दुखण्याने मला त्याला एक प्रतिष्ठित कारण मिळवून दिले होते. हे मी तिच्यासमोर पहिल्यांदा शोधायला बसलो असतो, तर तिला वाटले असते की आता माझेही तिनेच सांभाळायचे. ते आधी दुसऱ्या खोलीत सांडून, निवळून, मग दोन वाक्यांत तिच्यासमोर ठेवता आले. दोन्ही प्रकारचे समुपदेशन एकत्र चालवण्याचा मला कळलेला खरा उपयोग हाच आहे.

त्या काळात मी वाचतही बरेच होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांचा २००६ चा एक प्रयोग मला फार भावला होता. सोळा विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून, विजेचा हलका झटका बसण्याची शक्यता आहे अशी सूचना दाखवली गेली. कधी पतीने हात धरलेला, कधी अनोळखी व्यक्तीने, कधी कोणीच नाही. पतीचा हात हातात असताना मेंदूचा धोक्याला मिळणारा प्रतिसाद सर्वाधिक शांत झाला, आणि संसार जितका समाधानाचा तितका हा परिणाम ठळक होता. मी मोठ्या उत्साहाने हे तिला सांगितले. ती म्हणाली, “त्या बायकांना धोका एकीकडून होता आणि हात दुसरीकडून. माझ्याकडे दोन्ही एकाच माणसाकडून आलं.” तिच्या वैयक्तिक कामातून हात आणि धोका वेगळे ओळखण्याची क्षमता परत येत होती. ती आल्याशिवाय माझ्या हाताचा तिला काही उपयोग नव्हता.

भांडणांविषयी थोडक्यात. जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी दाखवले आहे की वादात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला नीट ऐकून घेता येत नाही, आणि शरीर निवायला किमान वीस मिनिटे लागतात. म्हणून वाद थांबवून बाजूला व्हावे, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. आमच्याकडे त्यात अडचण होती: माझे उठून जाणे म्हणजे माझ्यासाठी विश्रांती, तिच्यासाठी जुनी शिक्षा. त्यामुळे नियम असा झाला की जो उठेल त्याने परत येण्याची वेळ सांगायची आणि त्या वेळेला परत यायचे, विषय संपलेला नसला तरी. एकदा मी ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणून पन्नास मिनिटांनी आलो. ती वीस मिनिटे निस्तरण्यात दोन सेशन गेली.

आणि घरचा अभ्यास. टाळलेल्या गोष्टींची आम्ही मिळून यादी केली होती, सोप्यापासून अवघडाकडे, आणि प्रत्येक गोष्ट तिच्या संमतीने, तिने वार ठरवून करायची होती. दार नेहमीच्या आवाजात लावणे, वर. नाराजी आहे हे त्याच दिवशी सांगणे, मध्यावर. खाली, शेवटून दुसरी नोंद तिच्या अक्षरात होती: ‘त्याने न खाकरता खोलीत यायचे.’

ती नोंद तिने एका गुरुवारसाठी ठरवली. वेळ ठरवायची नाही, हेही तिनेच सांगितले. मी दिवसभर घरात एखाद्या चोरासारखा वावरलो. संध्याकाळी ती खिडकीशी पाठमोरी बसून काही वाचत होती. मी दारातून आत गेलो, चार पावले टाकली, आणि फरशीवर माझी सावली पडली तशी ती दचकली. पुस्तक पडले. माझ्या तोंडात ‘सॉरी’ आले होते. ते म्हणायचे नाही असे ठरलेले होते, म्हणून मी ते गिळले आणि होतो तिथे उभा राहिलो. तिने हात वर करून मला थांबायची खूण केली, एक पाय जमिनीवर दाबला, मग दुसरा, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजले. मग वळून माझ्याकडे नीट पाहिले, केसांपासून पायांपर्यंत, जणू ओळख पटवून घेते आहे.

“किती वेळ झाला?” तिने विचारले.

मी घड्याळ पाहिले होते. “दीड मिनिट असेल.”

तिने पुस्तक उचलले, पान शोधले आणि विचारले, “बरं, काय काम होतं?”

मी कशासाठी आलो होतो, ते मला काही केल्या आठवेना.